घास उतरतोय, मग ऑपरेशन कशाला?

वाचकाचं पत्र:

«सिस्टर, माझं वय 54. आम्ही सांगली जिल्ह्यातले. थोडी द्राक्षबाग आहे, दोन म्हशी आहेत. मागच्या वर्षी घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, शेवटी आमटीसुद्धा उतरेना. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली, कागदावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहिलंय. लहानपणापासून मिश्री लावते, त्यानेच झालं म्हणतात. पाच आठवडे दर आठवड्याला केमो आणि 23 शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. शेवटचा शेक होऊन महिना झाला. आता भाकरी कुस्करून खाते, अडकत नाही. स्कोपीत गाठ दिसत नाही म्हणाले. तरी डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करायचं, अन्ननलिका काढून जठर वर गळ्यापर्यंत आणून जोडायचं. ऐकूनच हातपाय गळाले. भावकीतले म्हणतात, गाठ विरघळली, आता सुरी लावू नका, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. नवरा काहीच बोलत नाही. डॉक्टरांशी मुलगा बोलतो, मला बाहेर बसवतात. टेबलावरच गेले तर? वाचले तर पुन्हा जेवता येईल का? मी भजनी मंडळात म्हणते, आवाज जाईल का? पुतणीकडून लिहून घेतलंय, घरात सांगितलेलं नाही. नाव छापू नका.»

ताई,

नाव छापत नाही. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझं आयुष्य गेलं. हे ऑपरेशन झालेले रुग्ण आयसीयूतून वॉर्डात यायचे, तेव्हा त्यांच्या उशाशी आम्हीच असायचो. त्यामुळे यात सोपं काय आणि अवघड काय, ते काहीही न लपवता सांगते. मी डॉक्टर नाही आणि तुमचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत. शेवटचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

त्यातल्या «तुमचा» या भागापासूनच सुरुवात करते, कारण पत्रातली तीच गोष्ट मला जास्त लागली. पुढच्या वेळी बाहेर बसू नका. मुलाच्या मनात वाईट काही नाही, आईला धसका बसू नये म्हणून तो सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय. त्याला सांगा, «बाळा, तू शेजारी बस, पण डॉक्टरांना माझ्याशी बोलू दे.» संमतीपत्रावर सही तुमची लागणार आहे. शिवाय या ऑपरेशननंतर निम्मं काम रुग्णाला स्वतः करावं लागतं. अंगाला नळ्या असताना दुसऱ्या दिवशी उठून बसायचं, जोर लावून खोकायचं, चार पावलं चालायचं. हे कशासाठी ते ज्याला आधी नीट सांगितलेलं असतं, तो दुखत असतानाही करतो. ज्याला घरच्यांनी «छोटंसं ऑपरेशन आहे» म्हणून आणलेलं असतं, तो घाबरून डोळे मिटून पडून राहतो आणि त्याच्या छातीत कफ साठतो. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घास उतरतोय आणि स्कोपीत गाठ दिसत नाही, ही खरोखर चांगली बातमी आहे. केमो आणि शेक तुमच्या गाठीला लागू पडले. पण अन्ननलिकेचा कॅन्सर फक्त आतल्या अस्तरात नसतो. तो भिंतीच्या जाडीत असतो, बाजूच्या लसिकाग्रंथींत असू शकतो. स्कोपीच्या दुर्बिणीला दिसतं ते वरचं अस्तर. तुम्ही शेतातल्या आहात, हरळी तुम्हाला सांगायला नको. वरून वावर स्वच्छ दिसतं, पण मुळी खाली शिल्लक असेल तर पाणी मिळताच ती वर येते.

तुम्हाला दिलेल्या उपचाराला डॉक्टर «क्रॉस» म्हणतात. पाच आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, सोबत 23 शेक, मग ऑपरेशन, अशी ही पद्धत. नेदरलँड्समधल्या अभ्यासातून ती आली आणि त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले. त्या अभ्यासात तुमच्यासारख्या, म्हणजे स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांची अन्ननलिका काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा 49 टक्के जणांत जिवंत कॅन्सर पेशी सापडली नाही. आकडा फार आशादायक आहे. पण उरलेल्या निम्म्यांत ती होती, आणि घास नीट उतरत असला तरी ती शिल्लक असू शकते. तुम्ही कोणत्या निम्म्यात आहात, हे आजच्या तपासण्यांवरून शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही.

साधी बायोप्सी, म्हणजे स्कोपीतून चिमट्याने तुकडा घेऊन केलेली तपासणी, हीसुद्धा इथे पुरत नाही. नेदरलँड्समध्येच हे तपासून पाहिलंय. ज्यांच्यात बराच कॅन्सर उरला होता, अशा 100 जणांपैकी 31 जणांत नेहमीच्या बायोप्सीला तो सापडला नाही. एकाच जागी दोनदा, खोलवर चिमटा घेतला आणि एंडो-सोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीतून आतून सोनोग्राफी, करून संशयित ग्रंथींतून सुईने नमुना घेतला, तेव्हा चुकणाऱ्यांचं प्रमाण 10 वर आलं. म्हणून डॉक्टरांना विचारा: माझी नुसती स्कोपी झालीय का? बायोप्सी घेतली का, खोल घेतली का? शेक संपल्यानंतरचा पेट स्कॅन, म्हणजे अंगात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, झालाय का? पेट स्कॅन तर व्हायलाच हवा. कॅन्सर दुसरीकडे गेलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय एवढं मोठं ऑपरेशन करू नये.

भावकीच्या म्हणण्यातला एक भाग मात्र आज जगभरातले डॉक्टरही गंभीरपणे घेतात, तो तुमच्यापासून लपवणार नाही. गाठ पूर्ण गेल्यासारखी वाटत असेल तर लगेच ऑपरेशन न करता नजर ठेवून थांबावं का, याचा नेदरलँड्समध्ये मोठा अभ्यास झाला. «सानो» त्याचं नाव, निष्कर्ष 2025 मध्ये आले. दोनदा कडक तपासणी करून ज्यांच्यात काहीच सापडलं नाही, अशांपैकी काहींचं नेहमीप्रमाणे ऑपरेशन केलं आणि काहींवर फक्त नजर ठेवली. दोन वर्षांनी नजर ठेवलेल्यांतले 74 टक्के हयात होते, ऑपरेशन केलेल्यांतले 71 टक्के. म्हणजे थांबल्यामुळे तोटा झाला नाही. पण नजर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्याच जागी कॅन्सर पुन्हा उगवला. तो लवकर सापडला आणि बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हा करता आलं, कारण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी स्कोपी, खोल बायोप्सी आणि स्कॅन चुकले नाहीत. त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरचे होते, तुमच्या प्रकारचे कमी, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या प्रकारात शेकाचा गुण जास्त येतो, म्हणून काही रुग्णांना ऑपरेशनशिवाय फक्त केमो आणि शेकावर ठेवतात. फ्रान्समध्ये 2007 साली छापलेल्या अभ्यासात गुण आलेल्या रुग्णांत ऑपरेशन केलेले आणि न केलेले, दोघांच्या आयुष्याच्या लांबीत फारसा फरक पडला नाही. मात्र ऑपरेशन न केलेल्यांत घास पुन्हा अडून जाळीची नळी बसवण्याची वेळ जास्त जणांवर आली. शिवाय त्या रुग्णांना शेकाची मात्रा जास्त दिली होती. तुमचे 23 शेक हे ऑपरेशन गृहीत धरून ठरवलेले असतात. म्हणून हा प्रश्न जरूर विचारा: «माझा शेक ऑपरेशनच्या हिशेबाने दिलाय की पूर्ण उपचाराच्या हिशेबाने?» उत्तर पहिलं असेल तर उपचार अर्ध्यावर आहे, एवढं समजा.

मला विचाराल तर वय 54, शेतात काम करणारं शरीर, हृदय आणि फुप्फुसं ठीक, कॅन्सर दुसरीकडे गेलेला नाही, असं सगळं असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे, तेही सवयीच्या हातांनी केलेल्या ऑपरेशनच्या. दर तीन महिन्यांनी एंडो-सोनोग्राफी होणारं केंद्र गाठायचं, द्राक्षाच्या छाटणीतही तारीख चुकवायची नाही, बरं वाटत असताना स्कोपी करून घ्यायची, हे गावाकडून पाळणं फार जड जातं. तरीही सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या आणि तुमच्या मनाने ऑपरेशन नको असं ठाम ठरवलं, तर अशी देखरेख करणाऱ्या मोठ्या केंद्रात नाव नोंदवून थांबणं हा मानाचा निर्णय आहे. कोणी तुम्हाला घाबरट म्हणू नये. पण तपासण्या बंद करून, कोणाचा तरी काढा घेत घरी बसणं, याला मी निर्णय म्हणणार नाही. घास पुन्हा अडेल, तोवर बहुधा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असेल.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हे खरं नाही. आधीच उशीर झालेला असताना ऑपरेशन झालेली माणसं नंतर दगावली की गावात लोक तसा संबंध जोडतात.

आता ऑपरेशनमध्ये काय करतात ते सांगते. गाठ मधल्या भागात असेल तर बहुतेकदा तीन ठिकाणी काम करावं लागतं. उजव्या बाजूने छातीत जाऊन अन्ननलिका आणि आजूबाजूच्या ग्रंथी मोकळ्या करतात. मग पोटातून जठर मोकळं करून त्याची चार-पाच सेंटिमीटर रुंदीची लांब नळी बनवतात. ती छातीतून वर आणून मानेत डाव्या बाजूला उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. सहा-आठ तास लागू शकतात. छाती आणि पोट उघडून करतात किंवा दुर्बिणीने. दुर्बिणीने केल्यावर न्यूमोनिया कमी होतो, असं 2012 च्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं: पहिल्या दोन आठवड्यांत छातीचा संसर्ग उघड्या ऑपरेशननंतर 29 टक्क्यांत, दुर्बिणीनंतर 9 टक्क्यांत. पण दुर्बिणीचा हात नसलेल्या सर्जनकडे दुर्बिणीचा हट्ट धरू नका.

जागं झाल्यावर अंगावर काय असेल, ते आधीच माहीत असू द्या. नाकात नळी, छातीच्या बाजूला ड्रेनची नळी आणि खाली तिची बाटली, लघवीची नळी, दुखणं कमी करायला बऱ्याचदा पाठीत बारीक नळी. आणि बहुतेक ठिकाणी पोटावर आतड्यात घातलेली फीडिंगची नळी, वॉर्डात तिला एफजे म्हणतात. जोड भरून येईपर्यंत तोंडाने खायचं नाही, म्हणून एक-दोन दिवसांत तिच्यातून अन्न सुरू करतात. बाकीच्या नळ्या एकेक करून निघतात. एफजे घेऊन घरी जावं लागलं तर घाबरू नका. दर फीडच्या आधी आणि नंतर साधं पाणी घालून ती धुवायची, फीड चालू असताना उठून बसायचं, डायटिशियनने लिहून दिलेलंच गाळून घालायचं. नळी चुकून निघाली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. छिद्र लवकर बंद होतं.

«टेबलावरच गेले तर?» असं विचारलंत. टेबलावर मृत्यू येणं आता फार दुर्मीळ आहे. धोका असतो तो पुढच्या दिवसांत. 14 देशांतल्या 24 मोठ्या केंद्रांनी आपापले आकडे एकत्र करून 2019 मध्ये छापले. तीन महिन्यांच्या आत मृत्यू 4.5 टक्के, जोड गळण्याचं प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास, न्यूमोनिया साधारण 15 टक्के. रोज हेच काम करणाऱ्या केंद्रांचे हे आकडे आहेत. क्वचित कधीतरी हे ऑपरेशन करणाऱ्या ठिकाणी ते याहून वाईट असू शकतात. मानेतला जोड गळाला तर बहुतेकदा मानेच्या जखमेतून लाळ किंवा पाणी येतं. ड्रेसिंग करत राहायचं, एफजेवर राहायचं आणि तो बहुधा आपोआप भरतो, फक्त घरी जाणं लांबतं. छातीत गळती झाली तर मात्र ती गंभीर असते.

म्हणून कुठे करायचं, हा ऑपरेशन करायचं की नाही याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे. सर्जनना विचारायला संकोच करू नका: «डॉक्टर, तुमच्याकडे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात?» अमेरिकेत रुग्णालयांची सुरक्षितता पाहणारी एक संस्था रुग्णालयाला वर्षाला किमान 20 ची अट घालते. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. रात्री आयसीयूत कोण असतं, फिजिओ रोज येतो का, जोड गळाला तर रात्रीसुद्धा स्कोपी आणि सीटी स्कॅन होतो का, हेही विचारा. मनात शंका असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये सगळे कागद आणि स्लाइड घेऊन दुसरं मत घ्या. तिथे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात.

मात्र दुसरं मत घेताना दिवस लांबवू नका. शेक संपल्यावर साधारण सहा ते दहा आठवड्यांत ऑपरेशन करतात. स्वीडन, नॉर्वे आणि जर्मनीतल्या रुग्णालयांत मुद्दाम दहा-बारा आठवडे थांबून पाहिलं, त्यातून काही फायदा झाला नाही, उलट आयुष्याच्या बाबतीत कल वाईटाकडे दिसला. तुमचा महिना झालाय.

हे मधले आठवडे ऑपरेशनच्या तयारीचे समजा. मिश्री आजपासून बंद. तिच्यामुळेच झालं म्हणून कोणी टोमणे मारत असेल तर कान देऊ नका, तुमच्या पिढीतल्या किती बायकांच्या हातात ती लहानपणीच दिली गेली. पण आता बोटभरसुद्धा नको. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, किडलेला दात असेल तर त्याचं पाहून घ्या, रोज दोनदा मऊ ब्रशने दात घासा. तोंडातले जंतू श्वासावाटे खाली उतरले की न्यूमोनियाला वाट मिळते. रोज दोन वेळा दम लागेल इतपत चाला. तीन छोटे चेंडू असलेलं, श्वास आत ओढायचं यंत्र मिळतं, ते आत्ताच घेऊन सराव करा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात आलं तर ते कसं ओढायचं हेच कळत नाही. खाण्यात रोज अंडी, दूध, दही, मुगाची डाळ, शेंगदाण्याचं कूट, पिठलं, चालत असेल तर मासे किंवा चिकनचा रस्सा. वजन दर आठवड्याला वहीत लिहा आणि घटत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. संकष्टी, एकादशी, सोमवार, सगळे उपास या वर्षापुरते देवाला सांगून सोडा.

आवाजाबद्दल. स्वरयंत्राची नस अन्ननलिकेला अगदी चिकटून वर जाते. तिच्या आजूबाजूच्या ग्रंथी काढताना ती ताणली किंवा दुखावली जाऊ शकते, म्हणून काही रुग्णांचा आवाज घोगरा होतो. बऱ्याच जणांचा काही महिन्यांत सुधारतो, काहींचा कायम थोडा बसलेला राहतो. पूर्ण आवाज जाणं दुर्मीळ आहे. पण वरच्या पट्टीतला अभंग पूर्वीसारखा म्हणता येईलच, असं आश्वासन मी देणार नाही आणि प्रामाणिक सर्जनही देणार नाही. भजन म्हणता, हे सर्जनना ऑपरेशनआधी सांगाच. नंतर आवाज बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगा, स्वरतंतूला इंजेक्शन देऊन किंवा व्यायामाने सुधारणा करता येते. आवाज बसलेल्या रुग्णाला पाणी पिताना ठसका लागतो, तेव्हा मान खाली करून लहान घोट घ्यायला आम्ही शिकवायचो.

जेवता येईल का? येईल. भाकरी, भाजी, मटण, घरातलंच. पण पूर्वीसारखं एका वेळी ताटभर नाही. पोटाची पिशवी आता नळी झालेली असते, त्यामुळे चार घासांत पोट भरतं. दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायचं, बारीक चावून, घाई न करता. जेवताना पाणी पिऊ नका, अर्धा तास आधी किंवा नंतर प्या. सुरुवातीला गुरगुट्या भात, मऊ खिचडी, इडली, उकडलेलं अंडं, नाचणीची आंबील, मग दुधात कुस्करलेली भाकरी. लोक भेटायला येताना शिरा, लाडू आणि गोड सरबत आणतील, ते आवरा. जास्त गोड एकदम आतड्यात उतरलं की अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम येतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन थरथर सुटते. पहिल्यांदा असं झालं की रुग्ण आणि घरचे दोघेही घाबरतात, हार्ट अटॅक आला म्हणतात. याला डंपिंग म्हणतात. गोड कमी केलं, अंडी-डाळ वाढवली आणि थोडं थोडं खाल्लं की बहुतेकांचं ते आटोक्यात येतं.

ऑपरेशननंतर सपाट झोपायचं नाही, हे कायमचं. जठरातलं वर यायला अडवणारी झडप राहिलेली नसते. सपाट झोपलात तर आंबट, कडू पाणी घशाशी येतं आणि खोकला लागतो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, मान तेवढी दुखते. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. शेतात खाली वाकण्याऐवजी उकिडवं बसून काम करा. म्हशीच्या धारा काही महिने दुसऱ्या कोणाला काढू द्या, टाके आणि छाती दोन्हींना ताण नको. वजन पहिल्या वर्षात उतरेल, दहाव्या भागाइतकं किंवा जास्तही, आणि बऱ्याच जणांचं पुन्हा पूर्ण भरत नाही. आरशात बघून दरवेळी कॅन्सर परत आला असं मनात आणू नका. पण घास पुन्हा अडायला लागला तर लगेच दाखवा. बहुतेकदा जोडाची जागा आवळलेली असते आणि ती स्कोपीतून ताणून मोकळी करता येते. घरी गेल्यावर ताप, धाप लागणं, मानेच्या जखमेतून पाणी किंवा लाली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

पहिले तीन महिने वाईट जातात. रुग्ण रडतात, «हे कशाला केलं» म्हणतात. सहा महिन्यांनी बोलणं बदलतं आणि वर्षाने बरीचशी माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात. हे आत्ताच नवऱ्याला आणि मुलाला सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्ही ताट ढकललंत तर कोणी रागावणार नाही. नवरा बोलत नाही म्हणजे त्याला काळजी नाही असं नाही. त्याच्यावर एखादं काम सोपवा: औषधांच्या वेळा, फीडची भांडी, रोजचं चालायला नेणं. वॉर्डात गप्प बसणाऱ्या पुरुषांना काम दिलं की ते सावरायचे.

ऑपरेशननंतर काढलेल्या भागाचा रिपोर्ट दोन-एक आठवड्यांत येतो. त्यात जिवंत कॅन्सर सापडला तर निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन वर्षभर घ्यायला सुचवू शकतात. 2021 च्या अभ्यासात त्याने कॅन्सर परत येईपर्यंतचा काळ 11 महिन्यांवरून 22 महिन्यांवर गेला. पण एकूण आयुष्य वाढतं, हे त्याच अभ्यासात ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि औषध अतिशय महाग आहे. त्यासाठी जमीन विकायचा विषय घरात निघाला तर सही करण्याआधी आणखी एका कॅन्सरतज्ज्ञाचं मत घ्या.

आणि खर्च. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन मुलाला तिथे पाठवा आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी योजनेची मंजुरी घ्या, कारण आधी पैसे भरले आणि नंतर योजना मागितली तर फार अडचण होते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी वेगळा अर्ज करता येतो. मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला कॅन्सर रुग्णाला तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून टाटामध्ये पोहोचल्या दिवशीच तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन चिठ्ठी मागा.